'डिव्हाइस इन यूज' म्हणत असेल, तर डिस्क कोणी धरून ठेवलीय ते आधी शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे: चोपड्यात फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे. लग्नांचं फुटेज २ टीबीच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर असतं, कॉम्प्युटरवर विंडोज १० आहे. काम संपवून 'सेफली रिमूव्ह' केलं की बहुतेक वेळा 'धिस डिव्हाइस इज करंटली इन यूज' असा मेसेज येतो. सगळं बंद केलेलं असतं, तरीही येतो. मग डिस्क तशीच ओढून काढली जाते. आता डिस्क लावली की 'स्कॅन अँड फिक्स' विचारायला लागलीय. करायचं काय, आणि पेनड्राइव्हलाही हेच लागू आहे का?

भाऊ, आधी 'स्कॅन अँड फिक्स'चं बोलू, कारण ते आजच्या आज करायचं काम आहे. त्या बटणावर अजून क्लिक केलं नसेल तर करू नका. 'कंटिन्यू विदाउट स्कॅनिंग' असा पर्याय दिसत असेल तर तो घ्या, नुसतंच नोटिफिकेशन असेल तर ते बंद करा, आणि डिस्क उघडतेय का ते बघा. उघडत असेल तर ज्या लग्नांचे अल्बम आणि व्हिडिओ अजून पार्टीला दिलेले नाहीत, त्यांचं फुटेज सगळ्यात आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. जुनं, देऊन झालेलं काम नंतर.

याचं कारण सांगतो. स्कॅन करणारं टूल डिस्कची यादी नीट लावतं: कोणती फाइल कुठून कुठपर्यंत आहे, कोणती जागा रिकामी आहे, याचा मेळ घालतं. तुमच्या क्लिपच्या आत काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. मेळ बसला नाही तर बेवारस तुकडे ते 'फाउंड.०००' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये टाकतं, आणि तिथे हळदीचा व्हिडिओ तुकड्या-तुकड्यांत, नाव नसलेला सापडतो. तो प्लेअरमध्ये चालत नाही. बहुतेक वेळा स्कॅन सुखरूप पार पडतो, पण ज्या फुटेजची दुसरी कॉपीच नाही त्यावर हा प्रयोग करू नये. कॉपी निघाली की मग डिस्कवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'टूल्स', 'चेक' असं जाऊन स्कॅन खुशाल करा.

आणि कॉपी करताना डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा कॉपीचा वेग शून्यावर जाऊन तिथेच बसत असेल, तर थांबा. स्कॅनही नको, फॉरमॅटही नको, इंटरनेटवरून उतरवलेलं रिकव्हरीचं सॉफ्टवेअरही नको. अशी डिस्क जितका वेळ चालू राहील तितकं नुकसान वाढतं. ती काढून ठेवा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. माझ्याकडे जळगावात धुळ्या-नंदुरबारपासून रावेरपर्यंतच्या डिस्क येतात. त्यातल्या ज्या हाताबाहेर गेलेल्या असतात, त्या बहुतेक पहिल्या बिघाडानंतर आठवडाभर 'चालते का बघू' म्हणत चालवलेल्या असतात.

आता मूळ दुखण्याकडे. 'सगळं बंद केलं होतं' हे तुम्ही खरंच सांगताय. पण खिडकीत दिसतं तेवढंच आपण बंद करतो. तुम्ही 'सेफली रिमूव्ह' म्हणता तेव्हा विंडोज मागे चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला विचारतं, या डिस्कवरची एखादी फाइल, एखादं फोल्डर तुझ्याकडे उघडं आहे का? एकानेही 'हो' म्हटलं की सगळं अडतं. त्या मेसेजमध्ये कोणी अडवलं त्याचं नाव नसतं, आणि म्हणून माणूस वैतागून केबल ओढतो. पण ते नाव कॉम्प्युटरने बहुतेक वेळा लिहून ठेवलेलं असतं, फक्त दुसरीकडे.

स्टार्ट मेनूत 'इव्हेंट व्ह्यूअर' टाइप करून उघडा. डावीकडे 'विंडोज लॉग्ज', त्याखाली 'सिस्टिम'. उजवीकडे 'फिल्टर करंट लॉग' आहे, त्यात इव्हेंट आयडीच्या चौकटीत २२५ लिहा आणि ओके करा. सोर्सच्या रकान्यात 'कर्नल-पीएनपी' दिसेल. सगळ्यात वरची नोंद म्हणजे आत्ताचा नकार. वेळ जुळवून बघा, म्हणजे शंका राहणार नाही. नोंद उघडली की साधारण असं वाक्य असतं: 'द अ‍ॅप्लिकेशन', मग एक लांबलचक पत्ता, मग 'विथ प्रोसेस आयडी' आणि एक आकडा, आणि शेवटी 'स्टॉप्ड द रिमूव्हल ऑर इजेक्शन फॉर द डिव्हाइस'. त्या लांबलचक पत्त्याचा शेवटचा तुकडा वाचायचा. तिथे प्रोग्रामचं नाव असतं. तो प्रोग्राम बंद करा आणि पुन्हा 'सेफली रिमूव्ह' करा. अर्ध्याहून जास्त केसेस इथेच मिटतात.

दुसरा रस्ता 'रिसोर्स मॉनिटर'चा. स्टार्टमध्ये नाव टाइप करून उघडा, 'सीपीयू' टॅबवर जा, 'असोसिएटेड हँडल्स'च्या शोधचौकटीत डिस्कचं अक्षर आणि कोलन टाका. डिस्कवरची कोणती फाइल कोणत्या प्रोग्रामने उघडी ठेवलीय त्याची यादी येते. मला स्वतःला आधी २२५ बघायला आवडतं, कारण नकार नेमका कोणाचा हे तिथे कळतं. हँडल्सच्या यादीत कधी कधी पाच-सहा नावं येतात आणि त्यातलं अडवणारं कोणतं ते ओळखत बसावं लागतं.

स्टुडिओत कोण कोण सापडतं ते सांगतो. पहिला नंबर फोटोशॉपचा. सी ड्राइव्ह भरत आला की कोणीतरी 'प्रेफरन्सेस'मध्ये जाऊन 'स्क्रॅच डिस्क' म्हणून एक्स्टर्नल डिस्क निवडून ठेवतो. मग तुमची फाइल डी ड्राइव्हवरची असली तरी फोटोशॉप चालू असेपर्यंत त्याची मोठी तात्पुरती फाइल एक्स्टर्नलवर उघडी असते. ती डिस्क तिथून काढा. जागा हवी असेल तर आतली एसएसडी वाढवा, कारण यूएसबीच्या हार्ड डिस्कवर स्क्रॅच ठेवून काम तसंही रखडत चालतं. दुसरा नंबर व्हिडिओ एडिटिंगच्या प्रीमिअर आणि त्याच्या भावंडांचा. मुख्य खिडकी बंद झाली तरी त्यांच्या मागच्या प्रोसेस काही वेळ चालू राहतात, आणि प्रिव्ह्यूच्या मीडिया कॅश फाइल्स एक्स्टर्नलवर ठेवल्या असतील तर त्या धरलेल्या असतात. एडिअस या एडिटिंग सॉफ्टवेअरवाल्यांनी प्रोजेक्ट एक्स्टर्नलवरूनच उघडलं असेल तर आधी प्रोजेक्ट बंद, मग प्रोग्राम बंद, मग थोडं थांबून डिस्क.

तिसरा स्वतः विंडोजचा 'एक्सप्लोरर'. व्हिडिओंनी भरलेलं फोल्डर उघडलं की तो प्रत्येक क्लिपचा छोटा फोटो बनवत बसतो, आणि एखादी क्लिप अर्धवट कॉपी झालेली असेल तर तिच्यावरच अडकतो. फोल्डर दुसरीकडे वळवून, प्रिव्ह्यू पेन बंद करून बघा. तरी सोडत नसेल तर टास्क मॅनेजरमध्ये 'विंडोज एक्सप्लोरर' शोधून 'रीस्टार्ट' द्या. टास्कबार क्षणभर गायब होऊन परत येईल, घाबरू नका. मात्र त्यानंतर टास्क मॅनेजरही बंद करा. तो उघडा असेल तरी काही कॉम्प्युटरवर यूएसबी डिस्क निघत नाही. डिस्क का निघत नाही हे शोधायला माणूस टास्क मॅनेजर उघडतो आणि तोच वाट अडवतो, असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय.

बाकी अँटिव्हायरसचा स्कॅन, 'फाइल हिस्टरी'चा बॅकअप, आणि एक्स्टर्नलवरचं फोल्डर 'लायब्ररी'त घातलं असेल तर विंडोजचं इंडेक्सिंग, म्हणजे शोधासाठी फाइल्सची यादी करणं. इंडेक्सिंग या डिस्कसाठी कायमचं बंद ठेवायला हरकत नाही: डिस्कच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये सगळ्यात खाली त्याची टिक असते. अँटिव्हायरस बंद करू नका, स्कॅन संपू द्या.

२२५ च्या नोंदीत प्रोग्रामच्या नावाऐवजी नुसतं 'सिस्टिम' आणि प्रोसेस आयडी ४ असंही येतं. म्हणजे विंडोजच्या गाभ्यातूनच कोणीतरी धरलंय. ते अँटिव्हायरसचा ड्रायव्हर असू शकतो, किंवा डिस्कवरचं फोल्डर नेटवर्कवर शेअर केलेलं असतं आणि शेजारच्या कॉम्प्युटरवरून कोणी ते उघडलेलं असतं. दोन-तीन कॉम्प्युटरच्या स्टुडिओत हे हमखास होतं. एकजण एडिटिंगला बसलाय, दुसरा त्याच डिस्कवरून अल्बमचे फोटो घेतोय, आणि तिसरा डिस्क काढायला बघतोय. आधी दुसऱ्याला विचारा.

स्टुडिओबाहेरची दोन उदाहरणं देतो, कारण हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही. जिनिंगच्या किंवा केळीच्या गादीच्या ऑफिसात टॅलीचा डेटाच पेनड्राइव्हवर ठेवलेला असतो, दिवाणजी संध्याकाळी तो घरी नेतात. टॅली चालू असताना डेटाच्या फाइल्स उघड्या असतात, मग पेनड्राइव्ह निघणार कसा? आणि ओढून काढला तर वर्षभराचे हिशेब पणाला. डेटा कॉम्प्युटरवर ठेवावा आणि पेनड्राइव्हवर फक्त बॅकअप घ्यावा, दुसरा उपाय नाही. दुसरं उदाहरण फॉर्म भरून देणाऱ्या सेवा केंद्रांचं. तिथे २२५ मध्ये 'डब्ल्यूस्क्रिप्ट' (विंडोजचा स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) हे नाव आलं की समजायचं, बहुतेक शॉर्टकट व्हायरस आहे. दिवसभर गावोगावचे पेनड्राइव्ह लागतात, एकाकडून दुसऱ्याकडे तो जातो, खऱ्या फाइल्स लपवतो आणि त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवतो. तिथे पेनड्राइव्ह फॉरमॅट करून उपयोग नाही, आधी कॉम्प्युटर साफ करावा लागतो. फाइल्स गेलेल्या नसतात, लपलेल्या असतात. घाईने फॉरमॅट मारला तर मात्र खरंच जातात.

शोधूनही नाव सापडलं नाही, किंवा पार्टी दारात उभी आहे आणि शोधायला वेळच नाही, तर ओढू नका. कॉम्प्युटर बंद करा आणि मग डिस्क काढा. इथे एक बारकी गोष्ट आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलंय. ते चालू असेल तर 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद होणं नसतं. तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आहे त्या अवस्थेत डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी तिथूनच उठतो. अशा वेळी एक्स्टर्नल डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरवर काही लिहिलंत, आणि परत आणून बंद कॉम्प्युटरला लावून तो चालू केलात, तर विंडोजच्या आठवणीतली यादी आणि डिस्कवरची खरी यादी जुळत नाही. म्हणून 'शिफ्ट' दाबून धरून 'शट डाउन'वर क्लिक करा. तेव्हा पूर्ण बंद होतं. 'रीस्टार्ट'मध्येही पूर्ण बंद होऊन पुन्हा सुरू होतं. ज्यांच्या डिस्क रोज इकडून तिकडे जातात त्यांनी कंट्रोल पॅनलच्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप काढूनच टाकावं.

कॉम्प्युटर बंद करणं शक्य नसेल, रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनणं) चालू असेल, तर अजून एक वाट आहे. 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा, खाली तुमच्या डिस्कच्या नावाच्या चौकटीवर (डिस्क १, डिस्क २ असं लिहिलेलं असतं) राइट क्लिक करून 'ऑफलाइन' निवडा. अक्षराच्या पट्टीवर नाही, डावीकडच्या चौकटीवर. साइज बघून खात्री करा की डिस्क तीच आहे. ऑफलाइन झाली की काढा. पुढच्या वेळी त्या कॉम्प्युटरला लावल्यावर ती आपोआप दिसली नाही तर तिथेच जाऊन 'ऑनलाइन' करायचं, डिस्क बिघडली असं समजायचं नाही. पेनड्राइव्हला हा पर्याय मिळत नाही, फक्त हार्ड डिस्क आणि एसएसडीला मिळतो. आणि ज्या फाइलमध्ये त्या क्षणी काही लिहिलं जातंय ती अर्धवट राहू शकते, म्हणून रेंडरचं आउटपुट त्याच डिस्कवर जात असेल तर हे करू नका.

आता ओढल्याने होतं काय, ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी घाईतही हात थांबेल. कॉपीची हिरवी पट्टी संपली म्हणजे फाइल डिस्कवर पोचली असं नेहमी नसतं. ट्रकमधून पोती उतरवून हमालांनी ओट्यावर टाकली की ट्रक मोकळा होतो, पण माल गोदामात थप्पीला लागायचा बाकी असतो, तसंच हे आहे. विंडोजच्या मेमरीत काही भाग असतो, डिस्कच्या स्वतःच्या आतल्या मेमरीत काही असतो. 'सेफली रिमूव्ह' म्हणजे 'आधी सगळं जागेवर लावा, मग सांगा' असा हुकूम.

विंडोजमध्ये याचे दोन प्रकार आहेत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्क ड्राइव्हज', तुमची डिस्क, 'प्रॉपर्टीज', 'पॉलिसीज' असं गेलात तर 'क्विक रिमूव्हल' आणि 'बेटर परफॉर्मन्स' असे दोन पर्याय दिसतील. २०१८ च्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून 'क्विक रिमूव्हल' हे मूळचंच सेटिंग झालं. त्यात विंडोज स्वतःजवळ लिहायचा डेटा साठवून ठेवत नाही. यावरून 'आता इजेक्टची, म्हणजे सेफली रिमूव्हची, गरजच नाही' असा समज पसरलाय. तो मला पटत नाही. क्विक रिमूव्हल असलं तरी कॉपी चालू असताना डिस्क काढली तर फाइल तुटणारच. डिस्कच्या आतल्या मेमरीचं काय, हा प्रश्न उरतोच. तुमचं सेटिंग 'बेटर परफॉर्मन्स'वर असेल तर ते 'क्विक रिमूव्हल'वर आणा, वेगात फरक पडेल तो सोसा. पण इजेक्ट करणं सोडू नका.

डिस्कच्या आतल्या मेमरीचा मुद्दा तुमच्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. आजकालच्या मोठ्या क्षमतेच्या, कमी किमतीच्या बऱ्याच पोर्टेबल हार्ड डिस्क 'एसएमआर' पद्धतीच्या असतात. त्यात डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात. त्यामुळे नवीन डेटा आधी एका वेगळ्या भागात घेतला जातो आणि डिस्क नंतर निवांत असताना तो मूळ जागी लावते. दीडशे जीबीचं फुटेज टाकून झाल्यावरही डिस्क कितीतरी वेळ आतल्या आत काम करत असते, दिवा लुकलुकत राहतो. मोठी कॉपी झाली की लगेच डिस्क काढू नका. दिवा शांत होऊ द्या, मग इजेक्ट करा.

आणि डिस्कचं यंत्र. चकती मिनिटाला ५४०० वेळा फिरत असते आणि वाचणारं डोकं तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. वीज अचानक तुटली तर डिस्क उरलेल्या गतीच्या जोरावर ते डोकं घाईने बाजूला नेते. तशी सोय तिच्यात असते, पण ती अडीनडीची सोय आहे, रोजची नाही. इजेक्ट झाल्यावरही काही डिस्क फिरतच राहतात, कारण पोर्टची वीज सहसा चालूच राहते. म्हणून 'सेफ टू रिमूव्ह' आल्यावर डिस्कवर बोट ठेवून बघा. कंप थांबला तर उत्तम. नाही थांबला तरी डेटा सुरक्षित आहे. डिस्क टेबलावर सपाट ठेवून, एका हाताने धरून केबल काढा आणि कंप पूर्ण थांबेपर्यंत ती उचलू नका. फिरती डिस्क उचलून बॅगेत टाकणं हे मला केबल ओढण्यापेक्षाही जास्त खटकतं.

पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डचं बोलू. त्यात फिरणारं काही नाही, पण यादी बिघडण्याचा धोका उलट जास्त. हार्ड डिस्क बहुधा 'एनटीएफएस'ने फॉरमॅट केलेली असते, आणि ती पद्धत बदलांची नोंदवही ठेवते. मध्येच वीज तुटली तर त्या नोंदीवरून यादी सावरता येते. मात्र ती यादीच सावरते, क्लिपच्या आतला डेटा नाही. 'फॅट३२' आणि 'एक्सफॅट' या पद्धतींमध्ये तशी नोंदवहीच नसते. कॅमेऱ्याची ३२ जीबीच्या वरची एसडीएक्ससी कार्डं एक्सफॅटवर चालतात. म्हणजे लग्नाचा मूळ माल ज्या कार्डावर असतो तेच सगळ्यात नाजूक. कार्ड रीडरचा दिवा चालू असताना कार्ड काढायचं नाही आणि इजेक्टशिवाय तर नाहीच. तुमची एक्स्टर्नल डिस्क एक्सफॅट असेल आणि ती फक्त विंडोजच्याच कॉम्प्युटरना लागत असेल, तर डेटा बाहेर काढल्यावर ती एनटीएफएसने फॉरमॅट करून घ्या. मॅकवाल्याकडे ती जात असेल तर करू नका, मॅक एनटीएफएस वाचतं पण मूळच्या सोयीने त्यावर लिहीत नाही.

रात्री दोन वाजता वरातीहून आल्यावर कार्ड रिकामं करायची घाई असते, सकाळी दुसरं लग्न असतं, हे मला माहीत आहे. तरी कार्ड फॉरमॅट करण्याआधी एवढं बघा: कार्डावरच्या आणि डिस्कवरच्या फाइल्सची संख्या आणि एकूण साइज जुळते का, आणि सगळ्यात शेवटची क्लिप डिस्कवरून उघडून शेवटापर्यंत पुढे सरकवली तर चालते का. त्याआधी एकदा डिस्क इजेक्ट करून परत लावा, म्हणजे तुम्ही बघताय ते मेमरीतलं नसून खरोखर डिस्कवरचं आहे याची खात्री होते. टेराकॉपीसारखं सॉफ्टवेअर कॉपीनंतर पडताळणी करून देतं, ते वापरलं तर आणखी बरं. मुलीच्या पाठवणीचा प्रसंग परत चित्रित करता येत नाही. तिचे आई-वडील तुमच्याकडे विश्वासाने ते सोपवतात, म्हणून हे दहा मिनिटांचं काम टाळू नका.

आपल्या भागातल्या दोन गोष्टींचा इथे थेट संबंध आहे. एक, लाइट. तुम्ही कितीही जपून इजेक्ट केलं आणि कॉपी चालू असताना लाइट गेली, तर परिणाम ओढल्यासारखाच. डेस्कटॉपला यूपीएस हवाच, आणि त्याची बॅटरी खरोखर टिकते का ते अधूनमधून तपासायला हवं. अ‍ॅडॅप्टरवर चालणारी मोठी एक्स्टर्नल डिस्क असेल तर तिचा अ‍ॅडॅप्टरही यूपीएसच्याच प्लगमध्ये लावा. कॉम्प्युटर यूपीएसवर आणि डिस्क थेट भिंतीतल्या बोर्डात, असं मी बऱ्याच ठिकाणी पाहतो. दुसरी गोष्ट उन्हाळा. अनेक पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात चालवायचं तापमान ५ ते ३५ अंश दिलेलं असतं. आपल्याकडे लग्नसराई एप्रिल-मेमध्ये, तेव्हा जळगाव-भुसावळचा पारा ४५ पर्यंत जातो. पत्र्याखालच्या खोलीत, मऊ गादीवर ठेवलेली डिस्क तापून मध्येच तुटते, आणि माणूस समजतो केबल हलली. डिस्क कडक पृष्ठभागावर, हवेशीर ठेवा. कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका, ती हवा ओलसर असते.

मध्येच आपोआप डिस्कनेक्ट होत असेल तर पोर्टही बदलून बघा. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलीअ‍ॅम्पिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आतल्या लांब वायरीवर असतात, आणि स्वतःचा वीजपुरवठा नसलेल्या स्वस्त हबवर तर माउस, डोंगल आणि डिस्क सगळे त्याच ५००-९०० मध्ये वाटून घेतात. एक्स्टर्नल डिस्क मागच्या पोर्टला, थेट लावा.

मॅकवर हाच त्रास झाला तर तिथेही कोणीतरी प्रोग्रामच धरून असतो, बहुतेक वेळा स्पॉटलाइट (मॅकचा शोध) किंवा टाइम मशीन (मॅकचा बॅकअप). थोडं थांबून पुन्हा इजेक्ट करा, 'फोर्स इजेक्ट' अगदी शेवटी.

शेवटचं, तुमच्या डिस्कच्या तब्येतीचं. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' नावाचं मोफत सॉफ्टवेअर उतरवा आणि डिस्क लावून उघडा. त्यातले आकडे मूळ सेटिंगमध्ये हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पटीच्या मोजणीत, दिसतात. 'फंक्शन', 'अ‍ॅडव्हान्स्ड फीचर', 'रॉ व्हॅल्यूज' असं जाऊन ते दशमान करून घ्या, नाहीतर उगाच गोंधळ होतो. मग चार ओळी बघा. 'सी०', म्हणजे 'पॉवर-ऑफ रिट्रॅक्ट काउंट': वीज अचानक तुटून डोकं घाईने बाजूला घ्यावं लागलं, त्याचा हा हिशेब. आजचा आकडा लिहून ठेवा. यापुढे नीट इजेक्ट करून, कंप थांबल्यावरच केबल काढूनही तो वाढत राहिला तर केबल, पोर्ट किंवा वीजपुरवठा यांच्यात दोष असू शकतो. 'सी७', 'सीआरसी एरर काउंट', वाढत असेल तर जोडणीवर संशय घ्या. '०५' आणि 'सी५' या ओळी डिस्कच्या पृष्ठभागाच्या आहेत. 'सी५', म्हणजे 'करंट पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न आलेल्या जागा), शून्य असेल आणि स्कॅननंतर पुन्हा तक्रार आली नाही, तर डिस्क वापरात ठेवा. 'सी५' शून्याच्या वर असेल, किंवा '०५' चा आकडा आठवड्या-आठवड्याला चढत असेल, तर त्या डिस्कवर इथून पुढे एकही मूळ फुटेज ठेवू नका. तिच्यावरचं सगळं हलवा आणि लग्नसराई सुरू व्हायच्या आत नवी घ्या.